सगळं काढलं ना, डॉक्टर?

ऑपरेशन थिएटरचं दार उघडून सर्जन बाहेर आले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सगळं काढलं ना, डॉक्टर?" विचारणारा शिकलेला असो की नसो, हॉस्पिटल सरकारी असो की कॉर्पोरेट, शब्द फारसे बदलत नाहीत. बहुतेक सर्जन "दिसलं तेवढं सगळं काढलंय" असं म्हणतात, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की नक्की कळेल असं सांगतात आणि पुढच्या केसकडे वळतात.

हा लेख त्या उत्तरातल्या 'दिसलं तेवढं' या दोन शब्दांबद्दल आहे. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत 'दिसणं' म्हणजे काय, हे गेल्या वीसेक वर्षांत बदलत चाललंय. रुग्णाला आधी एक औषध द्यायचं, ते कॅन्सरच्या पेशींत जाऊन बसतं, आणि ऑपरेशनच्या वेळी खास प्रकाशात किंवा खास कॅमेऱ्यात त्या पेशी चमकतात. अशा औषधांना इमेजिंग एजंट म्हणतात. ती आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून खऱ्या थिएटरांत पोचली आहेत. ती कशी चालतात हे भन्नाट आहेच, ते पुढे सांगतो. पण मला सतावणारा प्रश्न त्यानंतरचा आहे. कालपर्यंत जे दिसत नव्हतं ते आज दिसायला लागलं, तर ते कापणं सर्जनवर बंधनकारक होतं का? आणि होत नसेल, तर न कापण्याचा निर्णय कुणाचा?

डोळे, बोटं आणि जुना नकाशा

सर्जनकडे पूर्वापार दोन साधनं आहेत: डोळे आणि बोटं. स्तनातली गाठ हाताला कडक लागते, आतड्यातली डोळ्यांना वेगळी दिसते. गाठ कुठे आहे हे कळतं. ती नेमकी कुठे संपते, हे मात्र हाताला आणि डोळ्यांना नीट कळत नाही. मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा तर कडेकडेला निरोगी मेंदूत असा मिसळलेला असतो, की साध्या पांढऱ्या उजेडात दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

मग एमआरआय कशासाठी आहे, असं वाटेल. एमआरआय उत्तम नकाशा देतो, पण तो सहसा ऑपरेशनच्या आधी काढलेला असतो. कवटी उघडली, मेंदूभोवतालचं पाणी वाहून गेलं, गाठीचा काही भाग निघाला, की मेंदू खाली बसतो, सरकतो. स्क्रीनवरचा नकाशा मात्र होता तिथेच राहतो. रिक्षात बसल्यावर गूगल मॅप्सचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसावा, तसं. रिक्षात त्यामुळे फार तर पाच मिनिटं जातात. इथे काही मिलिमीटरचा फरक एखाद्याची वाचा घेऊ शकतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'सगळं निघालं का' हे तपासायची पद्धत तर अगदी साधी आहे. काढलेल्या गाठीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात, तिचे पातळ काप करतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या असतील, तर आत काही राहिलं असण्याची शक्यता आहे. बहुतेकदा हे कळेपर्यंत रुग्ण घरी पोचलेली असते. इंग्लंडमध्ये २००५ ते २००८ या काळात स्तन वाचवून गाठ काढलेल्या ५५ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर पाचातल्या एकीला पुन्हा ऑपरेशनला जावं लागल्याचं दिसलं.

चमकवायचं कसं?

मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबून धरा. बोट लाल दिसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळून टाकतं, लाल बराचसा आरपार जाऊ देतं. लालच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश शरीरात आणखी सहज शिरतो. टीव्हीच्या रिमोटचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइल कॅमेऱ्यांत बटण दाबल्यावर तो लुकलुकताना दिसतो. तोच हा प्रकाश. कॅन्सरला चिकटणाऱ्या रेणूला या प्रकाशात चमकणारा रंग जोडला आणि थिएटरात तसा कॅमेरा लावला, की झालं. निदान कागदावर तरी.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज मूर यांनी १९४७-४८च्या सुमारास फ्लुरोसीन हा चमकणारा रंग मेंदूच्या गाठी ओळखायला वापरून पाहिला. त्याच जातीच्या रंगात किरणोत्सारी आयोडीन घालून गाठीचा ठावठिकाणा लावण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. एकाच पदार्थाने दोन वेगवेगळ्या मार्गांनी खूण पटवायची, या युक्तीला आज 'मल्टिमोडल' असं भारदस्त नाव आहे.

आजची औषधं जास्त हुशार आहेत. फाइव्ह-एएलए हे औषध रुग्ण ऑपरेशनच्या काही तास आधी पाण्यात विरघळवून पितो. ग्लायोमाच्या पेशींत त्यापासून बनलेला एक रेणू साचतो आणि निळ्या उजेडात गुलाबी-लाल चमकतो. पॅफोलासायनिन फोलेट या जीवनसत्त्वासारखं दिसतं. अंडाशयाच्या बहुतेक कॅन्सरपेशींवर फोलेट पकडणारे 'हात' भरपूर असतात, ते या औषधालाही धरतात. अमेरिकेच्या एफडीएने त्याला २०२१मध्ये मंजुरी दिली. पेग्युलिसायनिनची गंमत आणखी वेगळी. ते आधी विझलेलं असतं. गाठीजवळ जास्त असणारी काही एन्झाइम्स त्याचा एक दुवा कापतात आणि मग ते पेटतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला एप्रिल २०२४मध्ये मंजुरी मिळाली.

या सगळ्यांची एक अडचण आहे: प्रकाश अचूक असतो, पण उथळ. तो काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर आतलं दाखवतो. किरणोत्सारी पदार्थातून निघणारे गॅमा किरण खोलवरून बाहेर येतात, पण जागा ढोबळच सांगतात. म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोन्ही एकत्र बांधले: इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग आणि टेक्निशियम हा किरणोत्सारी पदार्थ, एकाच कणावर. कॅन्सर पसरला तर ज्या लिम्फ नोडमध्ये तो सगळ्यात आधी जाईल, तो शोधायला हे वापरतात. ऑपरेशनच्या आधी स्कॅनवर नोड दिसतो, थिएटरात गॅमा प्रोब जवळ नेला की आवाज वाढत जातो, आणि शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्यात तो नोड चमकताना दिसतो. आधी गाव, मग गल्ली, मग घर.

लाल रंग कुणी भरला?

इथपर्यंत वाचून वाटेल, की सुटला की प्रश्न. चमकेल ते कापा, काळं दिसेल ते सोडा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझी नजर लगेच एका जागी अडकली. चमकणं हे हो-नाहीमध्ये येत नाही. कॅमेऱ्यातून येतात ते आकडे. एका ठिकाणी ४०, शेजारी ५५, त्यापलीकडे ९०. यातल्या कितव्या आकड्यापासून पुढे 'कॅन्सर' म्हणायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. पेग्युलिसायनिनच्या यंत्रणेत सॉफ्टवेअर प्रत्येक रुग्णासाठी अशी एक मर्यादा काढतं आणि तिच्या वरचा भाग स्क्रीनवर रंगवून दाखवतं. सर्जनला दिसतो तो रंग, मागचे आकडे नाहीत.

ही मर्यादा खाली आणली तर कॅन्सर सुटण्याची शक्यता कमी होते, पण निरोगी भागही रंगायला लागतो. वर नेली तर उलटं. स्पॅम फिल्टर लिहिणाऱ्याला हे रोजचं असतं: कडक केला तर नोकरीचं ऑफर लेटर स्पॅममध्ये जातं, सैल केला तर लॉटरीवाले इनबॉक्समध्ये येतात. चूक टाळता येत नाही, कोणती चूक परवडेल एवढंच निवडता येतं. आणि काय परवडतं हे गणिताने कळत नाही. आपल्याला कशाची किती किंमत वाटते, यावर ते अवलंबून असतं. म्हणजे त्या एका आकड्यात एक नैतिक निर्णय दडलेला असतो, आणि तो रुग्ण टेबलावर येण्याच्या कितीतरी आधी, ज्यांनी तिला कधी पाहिलेलंही नाही अशा लोकांनी घेतलेला असतो.

चुका किती होतात, याचा अंदाज प्रसिद्ध आकड्यांवरून येतो. पेग्युलिसायनिनच्या मोठ्या चाचणीत ३५७ बायकांची नेहमीसारखी गाठ काढून झाल्यावर या प्रकाशाने आत पाहिलं गेलं. त्यातल्या २७ जणींच्या, म्हणजे ७.६ टक्क्यांच्या शरीरात राहून गेलेला कॅन्सर त्यामुळे सापडला आणि निघाला. त्या २७ जणींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच चाचणीत, कडांचा हिशोब केला तर, खरोखर कॅन्सर असलेल्या कडांपैकी जेमतेम निम्म्याच, ४९.३ टक्के, प्रकाशाने पकडल्या. कॅन्सर नसलेल्या कडांपैकी ८५.२ टक्के त्याने बरोबर सोडल्या, उरलेल्या उगाच रंगवल्या. पॅफोलासायनिनच्या बाबतीतही दाह असलेल्या जागेतल्या काही संरक्षक पेशी फोलेट पकडतात आणि कॅन्सर नसताना चमकतात. औषधाचा म्हणून धोका असतो तो वेगळाच: पेग्युलिसायनिनच्या माहितीपत्रकावर तीव्र ॲलर्जीचा इशारा चौकटीत छापलेला आहे.

थोडक्यात, चमक हा पुरावा असतो, निकाल नसतो. तिचा खरा अर्थ इतकाच: अमुक रेणू अमुक जागी अमुक इतका साचला. तिथे कॅन्सर असेल. असला तरी तो काढून या माणसाचं भलं होईल का, हा तिसराच प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठल्याही कॅमेऱ्यात नसतं.

'राहिलं' आणि 'ठेवलं'

मराठीत दोन वाक्यं घ्या. 'गाठीचा थोडा भाग राहून गेला.' आणि 'गाठीचा थोडा भाग ठेवला.' शरीरात दोन्ही वेळा तेवढंच मांस आहे. पण पहिल्या वाक्यात काही करणारा माणूसच नाही, भाग आपोआप राहून गेला. दुसऱ्या वाक्याला कर्ता लागतो. कुणी ठेवला? सर्जनने ठेवला.

माझ्या मते या प्रकाशाने सगळ्यात मोठा बदल घडतो तो इथे. गाठ तीच राहते, वाक्य बदलतं. जे दिसत नव्हतं ते राहून जात होतं आणि त्याचा दोष नशिबावर, रोगावर, वैद्यकशास्त्राच्या मर्यादेवर जात होता. आता ते मोठ्या स्क्रीनवर, सगळ्या टीमसमोर चमकतंय, त्याचं रेकॉर्डिंगही होऊ शकतं. सोडून दिलं तर ते 'ठेवलं' ठरतं.

नीतिशास्त्रात 'करणं' आणि 'न करणं' यांतल्या फरकावर बरीच चर्चा आहे. साधारणपणे आपण करणाऱ्याला जास्त दोष देतो. बुडणाऱ्याला न वाचवणारा वाईट, पण ढकलून देणारा त्याहून वाईट. ऑपरेशन टेबलावर मात्र ही तागडी उलटी होते. तिथे कापणं हे नेहमीचं काम आहे, त्याची कुणाला सफाई द्यावी लागत नाही. न कापण्याला कारण द्यावं लागतं. जास्त कापल्यामुळे हात सुजला, बोलणं अडखळायला लागलं, तर लोक म्हणतात, मोठं ऑपरेशन होतं, जीव वाचला हे काय कमी आहे. कमी कापलं आणि दोन वर्षांनी रोग उलटला, तर म्हणतात, डॉक्टरला दिसलं होतं आणि तरी सोडलं. या दोन दोषांच्या वजनात इतका फरक असेल, तर उत्तम हेतूचे सर्जनसुद्धा हळूहळू जास्त कापण्याकडे झुकतील. त्यासाठी वाईट माणूस असायची गरज नाही.

इतिहासाची दोन उत्तरं

मग झुकू दे ना, असं कुणी म्हणेल. कॅन्सरच आहे तो, जास्त गेलेला बरा. हे म्हणणं शंभर वर्षं करून पाहिलेलं आहे. १८८२पासून अमेरिकेतले सर्जन विल्यम हाल्स्टेड स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतले लिम्फ नोडही काढायला लागले. कॅन्सर एका जागेहून सलग बाहेर पसरत जातो, म्हणून जितका मोठा घेर घ्याल तितकं चांगलं, हा त्यामागचा तर्क. तो इतका पटण्याजोगा होता, की अनेक दशकं जगभर हेच ऑपरेशन होत राहिलं. नंतर इटलीत उंबर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हा तर्क खरोखर तपासायचं धाडस केलं. २००२मध्ये दोघांच्याही अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल एकत्र प्रसिद्ध झाले: स्तन वाचवून गाठ काढणं आणि संपूर्ण स्तन काढणं, बायका किती जगल्या यात फरक नाही.

पुढचा अभ्यास आणखी चक्रावणारा आहे. अमेरिकेतल्या झेड-इलेव्हन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निकाल २०११मध्ये आले. काखेतल्या एक-दोन सेंटिनल नोडमध्ये कॅन्सर सापडलेल्या ८९१ बायका त्यात होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्या जणींच्या काखेतले बाकीचे नोडही काढले, निम्म्यांचे काढले नाहीत. ज्यांचे काढले, त्यांतल्या पावणेतीन दशांश जणींच्या, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांच्या बाकीच्या नोडमध्येही कॅन्सर निघाला. दुसऱ्या गटातही साधारण तितक्याच जणींच्या काखेत तो होता असं धरावं लागतं. होता आणि ठेवला. दहा वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या जगण्यात फरक पडला नाही, कारण रेडिएशन आणि औषधांचा आधार त्यांना होता. फरक पडला तो हाताच्या सुजेत आणि बधिरपणात, आणि तो कमी कापलेल्यांच्या बाजूने.

आता लगेच 'कमी कापलेलंच बरं' असा उलटा नियम करू नका. तो मोडणारा अभ्यास आपल्याच मुंबईतला आहे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ५०० रुग्णांचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध केला. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यातला, मानेत हाताला काही लागत नाही. प्रश्न असा, की मानेतले नोड तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढून टाकायचे, की लक्ष ठेवून, गाठ आली तर काढायचे? आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कॅन्सर घरोघरी नेलेल्या देशात हा फरक म्हणजे हजारो माणसं. आणि तरी आधीच मान उघडलेल्यांपैकी फक्त ३० टक्क्यांच्या आसपास लोकांच्या नोडमध्ये प्रत्यक्ष कॅन्सर निघाला. बाकीच्यांची मान, मागे वळून पाहता, उगाच उघडली गेली. आधी कळायला मार्ग नव्हता.

काखेत असलेलं ठेवून चाललं, मानेत न दिसलेलं काढल्याने जीव वाचले. 'दिसलं की काप' आणि 'दिसत नाही तर सोड' हे दोन्ही नियम इथे कोसळतात. आणि याच जागी चांगल्या इमेजिंग एजंटची खरी गरजही कळते. मानेतले ते ३० टक्के कोण हे आधी सांगता आलं, तर उरलेल्यांचे खांदे आणि नसा वाचतील. म्हणजे या प्रकाशाचं मोठं काम जास्त कापायला लावणं हे नसून निर्धास्तपणे थांबू देणं हेही असू शकतं.

झोपलेल्या माणसाचा निर्णय

पण थांबायचं कुठे, हे प्रत्येकासाठी सारखं नसतं. स्तनाच्या कडेचा आणखी एक चमचाभर भाग गेला तर बहुतेक जणी ते पत्करतील. मेंदूत तो चमचाभर भाग शब्द शोधण्याचा असू शकतो. फाइव्ह-एएलएच्या जर्मनीतल्या प्रसिद्ध चाचणीत (२००६) निळ्या उजेडाच्या गटात ६५ टक्के रुग्णांची एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या उजेडात ३६ टक्के रुग्णांची. सहा महिने रोग न वाढता काढलेल्यांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेलं. एकूण आयुष्य किती वाढलं, यात मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. ग्लायोब्लास्टोमा अजूनही बहुतेकांसाठी वर्ष-दीड वर्षाची गोष्ट आहे. त्या दीड वर्षात दोन महिने जास्त हवेत, की मुलीशी नीट बोलता येणारे दिवस जास्त हवेत? एखादा कीर्तनकार एक उत्तर देईल, धाकटं मूल असलेली आई दुसरं. दोघांचंही बरोबर.

आणि ज्या क्षणी स्क्रीनवर ती चमक दिसते आणि निर्णय घ्यायचा असतो, त्या क्षणी हा माणूस झोपलेला असतो. काही मेंदूच्या शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून करतात. त्याला त्याच्याच भाषेत चित्रांची नावं विचारतात, आणि जिथे हलका विद्युतप्रवाह देताच शब्द अडतो, तिथे सर्जन थांबतात. त्या वेळी चमक एक सांगत असते आणि रुग्णाची जीभ दुसरं. तिथे जिभेचं ऐकायचं, हा संकेत आहे. इतर ऑपरेशनांत ही जीभ नसते. तिचं म्हणणं आदल्या दिवशीच ऐकून ठेवावं लागतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: हे सर्जनवरच सोडा, त्यांना कळतं. त्यांना पुष्कळ कळतं, याबद्दल वाद नाही. चमकलेल्या जागी कॅन्सर असण्याची शक्यता किती, कापलं तर काय जाईल, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. पण दोन नुकसानांतलं तुम्हाला कोणतं जास्त जिव्हारी लागेल, हे एमबीबीएस, एमएस, एमसीएच करून कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. घाबरलेला रुग्ण विचारल्यावर म्हणणारच, "काहीही करा, सगळं काढा." म्हणेल. पण हाल्स्टेडची आणि काखेची गोष्ट ऐकून घेतल्यावरही तो तेच म्हणाला, तर तो त्याचा निर्णय आहे आणि सर्जनने तो पाळावा. ऐकवलंच नाही, तर तो निर्णय नाही, नुसती भीती आहे.

आपल्याकडे अडचण याच्याही आधीची आहे. कित्येक घरांत रुग्णाला 'कॅन्सर' हा शब्दच सांगत नाहीत. "त्यांना सांगू नका डॉक्टर, खचून जातील." फाइल मुलाच्या हातात, सही मुलाची, आणि आईला फक्त 'छोटं ऑपरेशन' माहीत. ही माया आहे, मी तिची चेष्टा करणार नाही. पण ज्याला आजाराचं नावच माहीत नाही, त्याला 'तुमच्यासाठी काय ठेवू?' असं विचारता येत नाही. अंधारात हे कदाचित खपून जात होतं, कारण निवडण्यासारखं फार काही नव्हतं. आता निवड आहे, आणि ज्याचं शरीर त्यालाच ती माहीत नाही.

यश कशाला म्हणायचं

शेवटचा मुद्दा मोजमापाचा. कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला विचारा: जे मोजाल तेच वाढतं. इमेजिंग एजंटना मंजुरी मिळते ती तपासणीचं साधन म्हणून. पॅफोलासायनिनच्या चाचणीत १३४ बायकांपैकी २६.९ टक्के जणींच्या पोटात, एरवी डोळ्याला किंवा हाताला न सापडलेली निदान एक कॅन्सरची जागा सापडली. मंजुरीसाठी एवढं पुरलं. त्या बायका जास्त जगल्या का, हा मंजुरीचा निकष नव्हता. हे बेकायदा नाही, नियमच तसा आहे. पण 'जास्त सापडलं' यालाच यश म्हणायची सवय लागली, तर पुढची प्रत्येक यंत्रणा आणखी जास्त सापडवेल आणि आपण टाळ्या वाजवू.

याच्या शेजारी टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झालेला एक अभ्यास ठेवून बघा. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिडोकेन म्हणजे भूल द्यायचं साधं औषध, दात काढताना देतात त्यातलं. देशातल्या ११ केंद्रांत, जवळपास १६०० बायकांवर हे तपासलं. २०२३मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. यात काही चमकत नाही, स्क्रीन नाही, महागडा कॅमेरा नाही. पण त्यांनी मोजलं ते आयुष्य. चमकणाऱ्या औषधांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि आयुष्यासोबत हात उचलता येतो का, बोलता येतं का, हेही मोजलं पाहिजे.

या क्षेत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं काम कॅन्सर चमकवण्याचं नाहीच. नोबेल मिळालेले रॉजर चेन (त्यांचं काम जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावरचं) यांनी सॅन डिएगोत सर्जन क्वेन न्युएन यांच्यासोबत नसांना चिकटून चमकणाऱ्या रेणूंवर काम सुरू केलं. चेन २०१६मध्ये गेले. त्या कामातून आलेल्या एका औषधाच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. चेहरा हलवणारी, आवाज देणारी नस ऑपरेशनच्या वेळी चमकते, म्हणजे सर्जनला कळतं की हिला हात लावायचा नाही. काय काढायचं हे दाखवणारा एक प्रकाश आणि काय जपायचं हे दाखवणारा दुसरा, दोन्ही एकाच स्क्रीनवर असतील, तर 'ठेवलं' या शब्दातला दोष थोडा कमी होईल. ठेवणं हेही एक काम आहे, आणि ते कौशल्याने करावं लागतं, हे निदान थिएटरातल्या सगळ्यांना दिसेल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांवर कधी ना कधी आईवडिलांची फाइल हातात घेऊन सर्जनसमोर बसायची वेळ येईल. तेव्हा ऑपरेशन झाल्यावर दारात विचारायच्या प्रश्नाआधी, आदल्या दिवशी तीन प्रश्न विचारून घ्या, आणि शक्यतो ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांना शेजारी बसवून. संशयाची जागा दिसली तर ती काढायची की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार? ती काढल्याने आयुष्य वाढतं हे सिद्ध झालंय, की फक्त रिपोर्ट चांगला येतो? आणि काढताना जे जाईल, ते त्यांना चालणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्जन देणार नाहीत. ते शेजारच्या खुर्चीवरून यायला हवं.